सव्वा ओंजळ

द्वारकाअक्का ताट वाढताना प्रत्येक पदार्थाचं वय सांगायच्या. "भाकर कालनी शे, डाय आजनी शे, हाई लोनचं मागला सालनं. खावानं व्हई ते खा. आते सांगी दिन्हं, मंग म्हनू नको." हे सगळं त्या एका दमात म्हणायच्या आणि मग समोर उभ्या राहायच्या. आपण पहिला घास घेईपर्यंत हलायच्या नाहीत.

मी धुळ्याला एका शाळेत गणिताचा मास्तर म्हणून लागलो तेव्हा देवपुरात त्यांच्या घरामागची खोली मला भाड्याने मिळाली. मी रावेरकडचा, केळीच्या भागातला. माझी बोली त्यांना फार विनोदी वाटायची आणि त्यांची मला निम्मीच कळायची. पहिल्या संध्याकाळी त्यांनी मला जेवायला बोलावलं आणि हे पदार्थांचं वय ऐकून मी मनात म्हटलं, बाई भारीच चोख दिसते. पुढे कुणीतरी घरी आलं की मी त्यांची नक्कल करून दाखवायचो. सगळे हसायचे. आज ती नक्कल करायला जीभ रेटत नाही.

अक्का तेव्हा पासष्टीच्या असतील. ठेंगण्या, रुंद हाताच्या, पदर कायम खोचलेला. नवरा एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये होता, तो आधीच गेलेला. थोरला मुलगा भास्कर, त्याची बायको सुनंदावहिनी आणि त्यांची दोन मुलं अशी माणसं घरात होती. धाकटा विलास नरडाण्याला एमआयडीसीत कामाला होता आणि तिकडेच राहायचा. चाळीस मिनिटांवर असून तो घरी का येत नाही, असं मी एकदा विचारलं. अक्कांनी ऐकलंच नाही असं दाखवलं.

स्वयंपाकघरात एक भिंतभर फळी होती. तिच्यावर पत्र्याचे डबे. दादर ज्वारी, उडीद, दोन्ही मिळून दळलेलं कळण्याचं पीठ, ज्वारीच्या पापडांसारखे बिबडे, कुरडया, मुगाचे सांडगे, उन्हात वाळवलेली गवार आणि वांग्याच्या फोडी, काळा मसाला, भाजलेलं खोबरं. बाजारात जायला पाऊस आड आला, भाजी महागली, गॅस संपत आला, कशानेच त्या घरात जेवण अडलं नाही. आणि उरलेलं काहीही त्या घरातून बाहेर गेलं नाही. आदल्या दिवशीच्या शेवभाजीचा रस्सा उरला की दुसऱ्या दिवशी तो पातळ करून त्यात डाळीच्या पिठाच्या डुबुकवड्या सुटायच्या. भरीत उरलं की ते कळण्याच्या पिठात जायचं आणि त्याचे खरपूस धपाटे व्हायचे. बट्ट्या उरल्या की चकत्या करून तुपात परतायच्या. माझ्या वडिलांनी पाठवलेली केळी पिकून काळी पडली आणि मी ती टाकायला निघालो, तेव्हा त्यांनी माझ्या हातातून घड हिसकावला. संध्याकाळी कणकेत मळून गुळाच्या पुऱ्या केल्या. मुलांनी भांडून खाल्ल्या.

एक नियम मात्र त्यांनी कधी मोडला नाही. कालचा पदार्थ आज त्याच रूपात ताटात यायचा नाही. "कालनंच परत वाढं ते मानूसले कटाया येस," त्या म्हणायच्या. "मंग तो ताटमा टाकस. दोष अन्नना नही, वाढनारीना शे."

ह्या बाबतीत त्यांना गर्व होता आणि तो त्या लपवत नसत. एकदा शाळेची तपासणी लवकर आटोपली आणि हेडमास्तरांसह पाच जण अचानक माझ्या खोलीवर येऊन थडकले. दुपारचा दीड वाजलेला, सगळे भुकेले. मी चहावर भागवायच्या बेतात होतो. अक्कांनी मागच्या दारातून डोकावून माणसं मोजली आणि आत गेल्या. अर्ध्या तासात कांदा-खोबरं भाजून केलेला झणझणीत रस्सा, त्यात फुटक्या बिबड्यांचे आणि कुरडयांचे तुकडे, सोबत सकाळच्या भाकरीचा लसणाची फोडणी दिलेला कुस्करा, कच्चा कांदा, शेंगदाण्याची चटणी. वाढताना अर्थातच वय सांगणं आलं. "हेडमास्तर, भाकर सकायनी शे. बिबडा उन्हायाना शेतस. चालई का?"

हेडमास्तर कडक माणूस. ते ताटाकडे बघत म्हणाले, "बाई, मी सत्तावन्न वर्षांचा आहे. मी चालतो, तर भाकरी का नाही चालणार?" अक्का हसल्या. पदर तोंडाला लावून हसणं त्यांना ठाऊक नव्हतं, त्या मोकळ्या हसायच्या. पण सगळे उठेपर्यंत त्या ताटांवर नजर ठेवून होत्या. कुणी काही टाकलं का, हे बघत होत्या. कुणीच टाकलं नाही.

तपासणीसारखं हे बघणं कशापायी, ते मला सुनंदावहिनींनी सांगितलं. अक्का कुठल्याशा लग्नाला गेल्या होत्या, वहिनी अंगणात सांडगे घालत होत्या. मी काही विचारलं नव्हतं. त्या स्वतःच सांगायला लागल्या. मला वाटतं त्यांना ते कुणाला तरी सांगायचंच होतं.

विलासचं मनीषाशी लग्न होऊन दोन महिने झाले होते. एका दुपारी पारोळ्याहून मनीषाचे वडील, म्हणजे अक्कांचे व्याही, न सांगता आले. बाजार समितीत काम होतं, तसेच पुढे मुलीला भेटायला आले. आता व्याही आला म्हटल्यावर कुणीही बाई ताजा स्वयंपाक करते. पुरण नाही तर निदान वरण-बट्टी. अक्कांना अवघड होतं असं नाही. पण त्या दिवशी त्यांच्याकडे आदल्या दिवशीच्या सात-आठ भाकरी होत्या आणि डोक्यात कल्पना आली होती. त्यांनी भाकरी कुटून त्यात डाळीचं पीठ, लसूण, मिरची घातली, वाफवून वड्या कापल्या आणि काळ्या मसाल्याच्या रस्स्यात सोडल्या. पातोड्याची भाजी. व्याह्यांनी तीनदा मागून घेतली. म्हणाले, "अशी पातोडी पारोळ्यात कुणाला जमत नाही."

"अक्का बोलल्या नाहीत काही," वहिनी म्हणाल्या. "नुसत्या खूश झाल्या. माझंच तोंड शिवशिवलं, भाऊ. सासूचं कौतुक मलाही होतंच की. मी म्हटलं, काका, ओळखा बरं कशाची आहे? कालच्या भाकरींची आहे!"

व्याह्यांचा हात थांबला. त्यांनी ताटातच पाणी ओतून हात धुतले. अर्धी पातोडी त्या पाण्यात तरंगत होती. "व्याह्याला शिळं वाढतात, तर आमच्या पोरीला काय वाढत असतील," एवढं बोलून ते उठले. मनीषा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. अक्का मागे गेल्या, अंगणात त्यांच्या पायाशी वाकल्या, ताजा स्वयंपाक करते म्हणाल्या. ते थांबले नाहीत.

महिन्याभरात विलास बायकोला घेऊन नरडाण्याला गेला. कामाच्या जागेजवळ बरं पडतं, हे सांगायचं कारण. पुढच्याच वर्षी मनीषाचे वडील वारले. मग तर माफी मागायला माणूसच उरला नाही. विलास दिवाळीला फोन करायचा, नानांच्या, म्हणजे वडिलांच्या, वर्षश्राद्धाला येऊन दारातून नमस्कार करून जायचा. पण त्या घरात तो जेवला नाही. पाणीसुद्धा प्यायचा नाही.

"तेव्हापासून अक्का सांगून वाढतात," वहिनी म्हणाल्या आणि सांडग्याच्या परातीवर वाकल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. चूक कुणाची, ह्यावर मी पुढे पुष्कळ डोकं चालवलं. जिने कौतुकाने तोंड उघडलं तिची, की ज्याने ताटात हात धुतले त्याची? मला दोष द्यायला कुणी सापडलं नाही. अक्कांना मात्र सापडलं होतं. त्यांनी तो स्वतःला लावला होता आणि त्यात कुणाला वाटा देत नव्हत्या.

माझ्या तिसऱ्या वर्षी भास्करभाऊंची बदली जळगावला झाली आणि ते बिऱ्हाड हललं. अक्का जायला तयार झाल्या नाहीत. आता घरात त्या एकट्या आणि मागे मी. तरी त्या स्वयंपाक कमी करीनात. रोज चार भाकरी जास्त, रोज वाटीभर डाळ उरलेली. मग दुसऱ्या दिवशी त्याचं काहीतरी नवं. त्यांची काटकसर वाखाणायला शेजारणी यायच्या. मी गणिताचा मास्तर, मला मात्र कळायचं की काटकसरी बाईने मुळात कमी केलं असतं. ह्यांना उरायला हवं होतं. कुणी आलंच तर, एवढाच त्याचा अर्थ. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही.

श्रावणात कानबाई देवी आली. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशात ती घरोघरी बसते, आणि तिचे रोट होतात. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने गहू काढायचे. कुठे सव्वा मूठ, कुठे काही, माप घराण्यागणिक वेगळं. अक्कांच्या घराण्यात सव्वा ओंजळ. ते गहू दळायचे, पीठ चाळायचं नाही, त्याचे पुरण घालून रोट, सोबत खीर आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. हे पीठ पौर्णिमेच्या आत संपलं पाहिजे आणि ते घरच्यांनीच संपवलं पाहिजे. परक्याला चालत नाही, जनावराला घालायचं नाही, टाकायचं तर नाहीच. उरलं तर नदीत सोडावं लागतं, आणि ज्याच्या नावाचं पाण्यात गेलं त्याचं वर्ष वाईट जातं, असं अक्का धरून चालायच्या.

"अक्का, तुमच्या नावाचं?" मी विचारलं.

"आम्ही बाया मोजामा नही," त्या गहू निवडता निवडता म्हणाल्या. "खावामा शेतस."

त्या वर्षी भास्करभाऊ मुलाबाळांसह आले, रविवारी जेवले आणि सोमवारी सकाळी गेले. विलास आला नाही. पौर्णिमा गुरुवारी होती आणि परातभर पीठ शिल्लक होतं. अक्कांना साखरेचा आजार, गोळ्या चालू होत्या. सोमवारी त्यांनी दोन्ही वेळ रोट खाल्ले. मंगळवारी खीर केली, ती खाल्ली. त्याच पिठाच्या शेवया वळल्या, त्याचाच शिरा केला. पुरणाऐवजी तिखटमीठ घालून पाहिलं. एरवी दहा माणसांना पुरून उरणारी त्यांची कला आता एका पोटावर चालली होती. मंगळवारी संध्याकाळी त्या ओट्याला धरून खाली बसल्या. डॉक्टर घरी आले, साखर बघितली आणि ओरडले.

मी म्हटलं, "अक्का, द्या इकडे. मी खातो."

"तू भायेरना शेस. हाई देवीनं शे. तुले दोष लागी." आणि मग भिंतीकडे बघत म्हणाल्या, "विलासना वाटा शे हाऊ. तो नही खाई ते कोनी खावाना?"

"मग मी त्याला नेऊन देतो," मी म्हणालो. माझ्या तोंडून निघून गेलं. अक्कांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग त्या उठल्या. ताप असल्यासारखा चेहरा, पण हात भराभर चालत होते. बुधवारी सकाळी उरलेल्या पिठाचे चार रोट झाले. त्यांनी डब्यात कापड घातलं, रोट ठेवले, झाकण लावून पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं.

मी शिरपूरकडच्या एस.टी.ने नरडाण्याला उतरलो. विलास नुकताच पाळीवरून आला होता. आईसारखाच ठेंगणा, रुंद हाताचा. त्याने डबा उघडला आणि वास आल्याबरोबर त्याचा हात आत गेला. आतल्या खोलीत भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज झाला. त्याने हात बाहेर घेतला.

मनीषा बाहेर आली. मला भांडखोर बाई अपेक्षित होती. ती शांतपणे म्हणाली, "सर, माझा राग नाही त्यांच्यावर. पण माझे वडील भरल्या ताटावरून उठलेले मी बघितलेत. ते गेले तरी मला तेच दिसतं. मी काय करू?"

विलास मला सोडायला रस्त्यापर्यंत आला. डबा त्याने माझ्या हातात परत दिला. "आईले सांगा, खादं म्हनीसन," तो म्हणाला आणि वळून निघून गेला.

आता तो डबा घेऊन मी काय करायचं? अक्कांकडे परत न्यायचा तर त्या खाणार आणि पुन्हा पडणार. कुत्र्याला घालायचा नाही, कचऱ्यात टाकायचा नाही. मी नरडाण्याच्या स्टँडवर बाकावर बसलो आणि चारही रोट खाल्ले. भूक नव्हती. तिसरा रोट पाण्याच्या घोटांनी ढकलला. नळावर डबा घासून धुतला, रुमालाने पुसला आणि धुळ्याच्या गाडीत बसलो.

अक्का दारातच होत्या. "खादं का?"

"खाल्लं."

"कितलं?"

"सगळं," मी म्हणालो. "चारही."

त्यांनी डबा घेतला, झाकण काढून आत बघितलं आणि पुन्हा लावलं. "बरं व्हयनं," एवढंच म्हणाल्या. त्या रात्री त्यांनी मला माझ्या आवडीची कढी आणि डाळीचे वाफवलेले फुणके करून घातले, आणि सगळं आजचंच आहे असं सांगितलं. मी फार पुण्याचं काम केल्यासारखा झोपलो.

मग ते दरवर्षाचं झालं. भास्करभाऊ रविवारी येऊन जायचे, आणि पौर्णिमेच्या आदल्या दिवशी डबा तयार. दुसऱ्या वर्षीही मी विलासच्या दारापर्यंत गेलो आणि तो डबा तसाच परत घेऊन निघालो. तिसऱ्या वर्षापासून मी त्याच्या दाराशी गेलो नाही. कशाला त्या माणसाला पुन्हा पुन्हा नाही म्हणायला लावायचं, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मलाच त्या घरात जाण्याची लाज वाटत होती. स्टँडवर उतरायचं, बाकावर बसायचं, खायचं, नळावर डबा धुवायचा, पुढची गाडी धरायची. माझं लग्न झालं, बायको आली, तिला मी शाळेच्या कामाला जातो असं सांगून जायचो. अशी सात वर्षं मी दुसऱ्याच्या वाट्याचे रोट खाल्ले. विलास दिवाळीला फोन करायचा, दोन मिनिटं बोलायचा. त्यात रोटाचा विषय दोघांपैकी कुणीच काढत नसे. ह्याचं मला नवल वाटायचं आणि बरंही वाटायचं.

अक्का मागच्या मार्गशीर्षात वारल्या. जळगावला, भास्करभाऊंकडे. शेवटचे चार महिने त्या तिथे होत्या आणि सुनंदावहिनींनी त्यांचं सगळं केलं. दहाव्याला विलास भेटला. विधी आटोपल्यावर तो माझ्याशेजारी येऊन बसला.

"सर, तुम्ही दोनदा आलात," तो म्हणाला. "मग आलाच नाहीत. तिसऱ्या वर्षी मनीषाच म्हणाली होती, ह्या वेळी सर आले तर डबा ठेवून घ्या. मी सुट्टी टाकून बसलो होतो. पुढच्या वर्षीही बसलो. मग मला वाटलं, आईनेच पाठवायचं बंद केलं."

मी त्याला काय सांगितलं, ते इथे लिहीत नाही. जे खरं होतं ते सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त उठला आणि आत जाऊन आईच्या फोटोसमोर बसला.

पण माझ्या डोळ्यांसमोर अक्का येतात त्या जळगावच्या नाहीत. त्या आधीच्या श्रावणातल्या, देवपुरातल्या. हॉस्पिटलात आठ दिवस काढून आल्या होत्या. भास्करभाऊ न्यायला आले होते, पण पौर्णिमा होईपर्यंत मी हलणार नाही, असं त्यांनी बजावलं होतं. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी मी पिशवी घेऊन नेहमीसारखा त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो. त्या खाली बसून रोट लाटत होत्या. रोट वेडेवाकडे होत होते. चार झाले. डबा कुठे दिसेना.

"डबा कुठंय, अक्का? साडेनऊची गाडी आहे."

"बस मास्तर. आज नरडानाले नको जाऊ."

त्यांनी ताट घेतलं. रोट वाढले, तूप वाढलं, गंगाफळाची भाजी वाढली. ताट माझ्यासमोर सरकवलं. मी म्हणालो, "मला कसं चालेल? हे तर..."

"तू सात वरीस खाई ऱ्हायना," त्या म्हणाल्या. "आते काय व्हयनं?"

मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. त्या रागावलेल्या नव्हत्या. दमलेल्या होत्या. थांबत थांबत सांगत होत्या.

"पहिलं वरीस पासून माले माहित शे. तू डबा धुईसन रिकामा लई उना. कोन्हीबी घरनी बाई डबा रिकामा धाडस का? चिमूटभर साखर तरी टाकस. मनीषाना राग व्हई, पन ती चांगला घरनी पोर शे. तिना हातमा जायेल डबा असा परत न येता."

घरात वाढलेल्या कुठल्याही पोराला हे ठाऊक असतं. आमच्या घरातूनही कधी शेजारचं भांडं रिकामं परत गेलं नाही. मी सात वर्षं डबा धुऊन, पुसून, चकचकीत करून त्यांच्या हातात देत होतो.

"दुसरा सालपासून मी तुन्हा नावना गहू काढस," अक्का म्हणाल्या. "सव्वा ओंजय. तुले दोष लागाले नको म्हनीसन. आते तू भायेरना नही."

दरवर्षी त्या कापडावर गव्हाचे ढीग घालताना मी दारात उभा असायचो. मुलांना बेरीज शिकवणारा मी, एकदाही ते ढीग मोजले नाहीत.

"मग पाठवत का होता मला?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता, कारण मला रडू येत होतं. "तो खात नाही हे माहीत होतं, तर दरवर्षी डबा का भरून देत होता?"

अक्कांनी लाटणं बाजूला ठेवलं. पदराने हात पुसले.

"तू जास तठून परत येस तवलोंग चार घंटा लागतस," त्या म्हणाल्या. "ते चार घंटा माले वाटस, आते तो खाई ऱ्हायना व्हई."

मी स्टँडवरच्या बाकाचं, त्याच्या दारापर्यंत मी जातच नव्हतो हे, त्यांना सांगणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं. त्या माझ्या पहिल्या घासाची वाट बघत समोर बसल्या होत्या, म्हणून मी रोटाचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. मग दुसरा. अक्का बघत होत्या. दोन रोट संपले तसे त्यांनी न विचारता तिसरा वाढला, आणि मी तोही खाल्ला.